नवख्याच्या पानात काय वाढावे?

वाचकहो, आपल्या कुटुंबात संगणकाच्या व्यवसायातले कोणी असेल, तर 'प्लगिन' हा शब्द आपल्या कानी खचितच पडला असेल. मूळ सॉफ्टवेअर बेताचे ठेवावे आणि ज्याला जे अधिक हवे ते त्याने मागाहून जोडून घ्यावे, अशी योजना पुष्कळ ठिकाणी असते. त्या जोडावयाच्या भागास प्लगिन म्हणतात. सोय उत्तम खरी, परंतु तीतूनच एक नाजूक प्रश्न उद्भवतो. सॉफ्टवेअर प्रथमच बसवणाऱ्यापुढे शेकडो प्लगिनांची नावे येतात आणि त्यांतील आपल्या उपयोगाचे कोणते, हेच त्याला अद्याप ठाऊक नसते. म्हणून कर्ते त्याला शिफारशीची एक यादी देतात व तो ती बहुधा न वाचताच मान्य करतो. अशी यादी करणारा मनुष्य दुसऱ्याच्या वतीने निवड करीत असतो, हे त्याने क्षणभरही विसरू नये.

'जेन्किन्स' या प्रोग्रामचे उदाहरण घ्या. अनेक प्रोग्रामर एकाच कामावर असले की प्रत्येकाने केलेला बदल इतरांच्या कामाशी जुळतो की नाही, हे तो आपोआप तपासून पाहतो. कोसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना 'हडसन' या नावाने त्याचा आरंभ केला. जेन्किन्स हे नाव त्याला २०११ साली मिळाले. आरंभीच्या काळात काही ठरावीक प्लगिने त्याच्यासमवेतच येत. प्रोग्रामच्या जुन्यानव्या प्रती जपून ठेवणारी सीव्हीएस आणि सबव्हर्जन ही जी साधने, त्यांची प्लगिने या संचात होती. परंतु गिटचे नव्हते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेल्या गिटकडे प्रोग्रामरांचा ओघ कधीच वळला होता. तरीही नवख्याला पहिल्याच दिवशी जे लागे ते त्याने शोधून आणावे, आणि ज्याचा त्याला उपयोग नाही ते मात्र आयते मिळावे, असा तो प्रकार होता. यादीत घातलेले नाव काढणे फार जड जाते, कारण कोणी ना कोणी त्यावर अवलंबून असतोच.

एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही घडी बदलली. आता प्रथम प्रारंभी पडद्यावर दोन चौकटी दिसतात : सुचवलेली प्लगिने बसवा, अथवा स्वतः निवडा. सुचवलेल्यांत गिट आहे, टपालाने सूचना पाठवण्याची सोय आहे, कामाचे टप्पे मांडण्याची सोय आहे. आपल्याकडे पंगतीत मीठ, लिंबू, चटणी न विचारता वाढतात; जिलबी मात्र विचारून, फार तर आग्रह करून. प्लगिनांच्या यादीलाही हाच न्याय लावावा असे आम्हांस वाटते. मोठ्या कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांची नोंदवही जोडून देणारे एलडॅप नावाचे प्लगिन या यादीत आहे. शेकडो माणसांच्या संस्थेला ते हवेच. पण दोघातिघांच्या गटाला त्याचे काय प्रयोजन? ते जिलबीच्या पंक्तीतले होय. अलीकडे पडद्याची काळसर रंगसंगतीही सुचवलेल्यांत आली आहे. डोळ्यांना ती सुखावह असेल, पण तिच्यावाचून काम अडत नाही.

'दिले तर बिघडले कोठे?' असे कोणी विचारील. बिघडते ते असे. एक प्लगिन दुसऱ्यावर विसंबून असते, दुसरे तिसऱ्यावर. त्यामुळे विसेक नावे सुचवली तरी प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक येऊन बसतात. शिवाय जेन्किन्समध्ये प्लगिन मूळ प्रोग्रामच्याच अधिकाराने चालते. त्यात दोष निघाला की घराचे दार परक्याला उघडले जाते, आणि असे दोष वेळोवेळी जाहीर होतच असतात. पुष्कळ प्लगिने स्वयंसेवकांनी सांभाळलेली असतात. सांभाळणारा निघून गेला की जेन्किन्सच्या सूचीत त्या प्लगिनापुढे, नवा पालक हवा, अशी खूण होते. पोरके झालेले प्लगिन नवख्याला सुचवणे बरे नव्हे.

वर्डप्रेसची रीत निराळी. त्याच्या भांडारात साठ हजारांच्या आसपास प्लगिने असताना सोबत दोनच देण्याचा त्याचा प्रघात वर्षानुवर्षे चालत आला. त्यांपैकी अकिस्मेट हे वाचकांच्या प्रतिक्रियांतील कचरा अडवते. हॅलो डॉली हे लुई आर्मस्ट्राँग यांनी गाजवलेल्या एका गाण्याची ओळ पडद्याच्या कोपऱ्यात दाखवते, एवढेच. ही दोन्ही आली तरी निद्रिस्त असत. जागे करायचे की नाही हे मालकाने ठरवावे. याउलट जावा बसवणाऱ्या विंडोजधारकांच्या ब्राउझरमध्ये 'आस्क'ची पट्टी कित्येक वर्षे शिरत असे. तिच्यापुढे बरोबरची खूण आधीच केलेली असे, आणि ती न पुसता पुढे जाणाऱ्याची संमती गृहीत धरली जाई. ही शिफारस वापरणाऱ्याच्या गरजेतून आलेली नव्हती. ती धंद्याच्या करारातून आली होती.

आपण स्वतः जेन्किन्स बसवणार असाल, तर दुसरी चौकट एकदा उघडून पाहावी. तेथे सर्व, सुचवलेली आणि काहीच नको, असे तीन मार्ग असून प्रत्येक नावाखाली त्याचे काम थोडक्यात लिहिलेले असते. वाचण्यास थोडा वेळ लागेल. परंतु मागाहून एखादे प्लगिन काढू म्हटले आणि दुसरे कोणी त्यावर विसंबलेले निघाले, तर आधी त्या दुसऱ्याला हलवावे लागते.