इंटरनेट सेवादात्याच्या जोडवाहिनीची क्षमतावाढ

ग्राहकांना दूरध्वनी व मोडेम यांच्या द्वारा इंटरनेटशी जोडून देणारी संस्था म्हणजे सेवादाता. ही संस्था ज्या वाहिनीने स्वतः अधिक मोठ्या जाळ्याशी जोडलेली असते, तिला येथे जोडवाहिनी म्हटले आहे. ग्राहकसंख्या किंवा त्यांचा वापर वाढल्यावर या वाहिनीची वहनक्षमता वाढवावी लागते. लहान सेवादात्याच्या दृष्टीने हा तांत्रिक बदल असतो, तसाच तो व्यवसायाच्या अस्तित्वाचा प्रश्नही असतो.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘द वर्ल्ड’ ही सर्वसामान्यांना अशी सेवा देणाऱ्या पहिल्या व्यापारी संस्थांपैकी एक होय. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या एनएसएफनेट या कणा-जाळ्यातील वाहिन्या १९८६ मध्ये सेकंदाला ५६ किलोबिट क्षमतेच्या होत्या. १९८८ मध्ये त्या १·५४४ मेगाबिटांच्या करण्यात आल्या. हे जाळे ३० एप्रिल १९९५ रोजी बंद झाले आणि वाहतूक व्यापारी जाळ्यांकडे गेली. याच सुमारास गावोगावी निघालेल्या अनेक लहान सेवादात्यांनी ५६ किलोबिटांच्या वाहिनीवर आरंभ केला आणि कणा-जाळ्याने पूर्वी ओलांडलेला टप्पा त्यांनाही ओलांडावा लागला.

भार व विलंब : इंटरनेटवरील माहिती पॅकेट या लहान तुकड्यांत विभागून पाठविली जाते. १,५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे पॅकेट ५६ किलोबिटांच्या वाहिनीवर चढविण्यास ०·२१४ सेकंद लागतात. १·५४४ मेगाबिटांच्या वाहिनीवर ०·००८ सेकंदांहूनही कमी वेळ पुरतो. वाहिनी मोकळी नसल्यास पॅकेटास रांगेत थांबावे लागते. पॅकेटे यादृच्छिक रीतीने येतात असे मानल्यास, रांगेसह लागणारा सरासरी वेळ वाहिनी निम्मी व्यापलेली असताना मूळच्या दुप्पट, ८० टक्के व्यापलेली असताना पाचपट आणि ९० टक्के व्यापलेली असताना दहापट होतो. म्हणजे दहावा हिस्सा मोकळा दिसत असतानाही ५६ किलोबिटांच्या वाहिनीवर एका मोठ्या पॅकेटास दोन सेकंदांहून अधिक विलंब होऊ शकतो. रांग भरून वाहिल्यास पॅकेटे गळतात व ती पुन्हा पाठवावी लागतात. त्यामुळे वाहिनी पूर्ण भरेपर्यंत वाट पाहणे चुकीचे ठरते.

मोजमाप : दिवसभराच्या सरासरीवरून खरी स्थिती कळत नाही, कारण घरगुती ग्राहकांचा वापर संध्याकाळी एकवटतो. राउटरवरून गेलेल्या बाइटांची दर पाच मिनिटांनी नोंद घेऊन तिचा आलेख काढतात. १९९५ पासून उपलब्ध असलेल्या एमआरटीजी या कार्यक्रमामुळे हे काम लहान संस्थांनाही सुलभ झाले. पुष्कळ सेवादाते साधारणतः दहा ग्राहकांमागे एक मोडेम ठेवीत. २०० ग्राहकांसाठी २८·८ किलोबिटांचे २० मोडेम असल्यास त्यांची एकत्रित मागणी ५७६ किलोबिट होऊ शकते. परंतु मजकूर वाचीत असताना ग्राहकाची वाहिनी रिकामी राहते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी क्षमता पुरते. उलट, मोठ्या फाइली उतरवून घेणारे दोनच ग्राहक ५६ किलोबिटांची वाहिनी व्यापून टाकतात.

पर्याय : नवी वाहिनी घेण्यापूर्वी जुन्या वाहिनीवरील अनावश्यक भार कमी करता येतो. ५६ किलोबिटांची वाहिनी अहोरात्र पूर्ण भरून चालली, तरी दिवसाला सु. ६०५ मेगाबाइटच वाहू शकते. यूझनेट या चर्चागटांच्या जाळ्यातील सर्व मजकूर मागविल्यास त्यातला फार मोठा वाटा तोच घेई. निवडक गटच मागविल्यास जागा मोकळी होई. वारंवार मागितली जाणारी पाने स्थानिक संगणकात साठवून ठेवणे हा दुसरा उपाय.

१·५४४ मेगाबिटांची टी-१ ही वाहिनी मुळात दूरध्वनी संभाषणांसाठी १९६२ मध्ये बेल यंत्रणेने वापरात आणली. तीत ६४ किलोबिटांचे २४ मार्ग असतात व उरलेले ८ किलोबिट चौकटींच्या जुळणीसाठी लागतात. यांपैकी काहीच मार्ग, उदा., १२८ किंवा २५६ किलोबिटांइतके, भाड्याने घेता येत. अनेक ग्राहकांत विभागलेली फ्रेम रिले सेवा स्वस्त पडे. तथापि तीत हमी दिलेला वेग व कमाल वेग यांत तफावत असे.

प्रत्यक्ष बदल : नव्या वाहिनीची मागणी दूरध्वनी कंपनीकडे आणि वरिष्ठ सेवादात्याकडे अशी दोन्हीकडे नोंदवावी लागते. वाहिनी व राउटर यांच्या मध्ये संकेतांचे रूपांतर करणारे उपकरण बसवितात. दोन्ही टोकांची चौकट-रचना व संकेतन-पद्धती एकच असावी लागते. ती वेगळी असल्यास वाहिनी चालूच होत नाही किंवा तीत त्रुटी येतात. नवी वाहिनी जुन्या वाहिनीच्या जोडीने काही दिवस चालवून तपासणे आणि मगच वाहतूक तिच्याकडे वळविणे श्रेयस्कर असते. वरिष्ठ सेवादाताच बदलल्यास त्याच्या गटातून मिळालेले संगणक-पत्ते परत करावे लागतात आणि साऱ्या यंत्रांना नवे पत्ते द्यावे लागतात. हे काम बहुधा वाहिनी जोडण्यापेक्षाही जिकिरीचे ठरते.

आर्थिक बाजू : वाहिनीचे भाडे दरमहा निश्चित असते, उत्पन्न मात्र ग्राहकसंख्येवर अवलंबून असते. समजा, क्षमतावाढीमुळे दरमहा १,००० डॉलर जादा खर्च येतो व ग्राहकामागे २० डॉलर शुल्क मिळते, तर केवळ तो खर्च भरून निघण्यासाठी ५० नवे ग्राहक लागतील. हे ग्राहक नंतर येतात, भाडे मात्र आधी सुरू होते. दिरंगाई केल्यास असलेले ग्राहकही निघून जातात. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या मोठ्या कंपनीने दरमहा १९·९५ डॉलरांत अमर्याद वापर देऊ केला. अशा शुल्कपद्धतीत तास वाढले तरी उत्पन्न वाढत नसल्याने लहानांची कोंडी अधिक तीव्र झाली. मोडेमवरील ग्राहक पाठवितो थोडे व मागवितो फार. भाड्याच्या वाहिनीची क्षमता मात्र दोन्ही दिशांना सारखी असते. म्हणून रिकामी राहणारी बाहेर जाणारी दिशा उपयोगात आणून अनेकांनी इतरांची संकेतस्थळे सांभाळण्याचा जोडधंदा केला.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबई हे तिच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. १९९८ च्या अखेरीस हे क्षेत्र खाजगी संस्थांना खुले झाले. येथे टी-१ ऐवजी २·०४८ मेगाबिटांची ई-१ वाहिनी रूढ होती. दोन भारतीय सेवादात्यांमधील वाहतूकही पुष्कळदा परदेशातून फिरून येई व महागड्या आंतरराष्ट्रीय वाहिनीवर भार टाकी. तो टाळण्यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही देशांतर्गत विनिमय संस्था स्थापन झाली.

क्षमतावाढीने अडथळा नाहीसा होतोच असे नाही; पुष्कळदा तो केवळ स्थलांतर करतो. वाहिनी रुंदावल्यावर मोडेमांची संख्या, संगणकाची शक्ती किंवा वरिष्ठ सेवादात्याचीच वाहिनी अपुरी पडू लागते. शिवाय सेवा जलद झाली की वापरही वाढतो. प्रकाशीय तंतूंच्या काळात आकडे हजारो पटींनी वाढले असले, तरी गर्दीच्या वेळचा भार पाहून आणि वाहिनी पूर्ण भरण्याच्या आधीच निर्णय घेण्याचे तत्त्व कायम आहे.