घोटभर बिअर, पेलाभर गैरसमज

बंगळुरूच्या महादेवपुरा ते व्हाइटफील्ड या पट्ट्यात आयटीतली मराठी मंडळी चिकार. शुक्रवारी कुणीतरी ग्रुपवर टाकतं, ‘उद्या क्राफ्ट बिअरचं टेस्टिंग आहे, कोण कोण येतंय?’ आणि लगेच सल्ल्यांची सरबत्ती सुरू होते. खरं तर हा प्रकार आपल्याला नवा नाही. स्वतःची बिअर बनवून तिथेच विकणारी ‘डूलाली’ पुण्यात २००९ साली सुरू झाली, बंगळुरूत इंदिरानगरचं ‘टॉइट’ २०१० साली, आणि व्हाइटफील्डचं ‘विंडमिल्स क्राफ्टवर्क्स’ २०१२ साली. तरीही बिअर म्हटलं की आपले प्रश्न दोनच: किती चढते आणि केवढ्याला पडते? चाखायला जाताना हे दोन्ही प्रश्न अपुरे पडतात. बरेचसे गैरसमज त्यातूनच आले आहेत.

गैरसमज: दारूच्या दुकानाने टेस्टिंगला बोलावलंय म्हणजे काउंटरवरच ग्लास मिळणार.
वस्तुस्थिती: कर्नाटकात किरकोळ दारूदुकानाला सीएल-२ परवाना असतो. तिथून सीलबंद बाटली विकत घेऊन बाहेर पडायचं. तिथेच उघडून पिण्याची मुभा त्या परवान्यात नाही. त्यामुळे टेस्टिंग भरतं ते ब्रूपबमध्ये (बिअर बनते तिथेच विकणाऱ्या बारमध्ये), साध्या बारमध्ये किंवा जागेवर पिण्याचा परवाना असलेल्या ठिकाणी. महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो, तसा इथे लागत नाही. पण वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. ओळखपत्र जवळ ठेवा.

गैरसमज: काळी बिअर म्हणजे कडक.
वस्तुस्थिती: रंग येतो माल्टमुळे. बार्ली भिजवून, मोड आणून वाळवली की माल्ट तयार होतो. त्यातला काही भाग कॉफीच्या बियांसारखा करपेपर्यंत भाजला की बिअर काळी होते. मद्यार्क किती तयार होणार, हे यीस्टला खायला साखर किती मिळाली यावर ठरतं. काळीकुट्ट गिनेस ड्राफ्ट सुमारे ४.२ टक्क्यांची असते, तर आपल्याकडची सोनेरी ‘स्ट्राँग’ आठ टक्क्यांपर्यंत जाते.

गैरसमज: केळ्याचा वास येतोय, म्हणजे इसेन्स घातलाय.
वस्तुस्थिती: टेस्टिंगमध्ये बहुतेक वेळा गव्हाची जर्मन धाटणीची हेफेवाइझेन असतेच. ग्लास नाकाशी न्या. आधी पिकल्या केळ्याचा वास येतो, मागून लवंगेचा. ब्रूअरने यातलं काहीच घातलेलं नसतं. या बिअरचं खास यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं संयुग तयार करतं आणि पिकल्या केळ्यातही तेच असतं. लवंगेचा वासही यीस्टचीच करामत. म्हणून ग्लास काठोकाठ भरून देत नाहीत. वास साठायला वर जागा लागते. वरचा फेसही फुंकून टाकू नका, तो वास धरून ठेवतो. आणि बर्फगार बिअरला वास जवळजवळ नसतोच. दोन मिनिटं थांबा.

गैरसमज: भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन असतं; बाटली पाण्यात उलटी धरली की ते उतरतं.
वस्तुस्थिती: होस्टेलात हा प्रयोग न पाहिलेला माणूस विरळा. बाटली उलटी केली की पाण्यात तेलकट धार खाली उतरताना दिसते आणि सगळे माना डोलावतात. ती धार असते बिअरचीच. बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, दोन द्रव मिसळताना प्रकाश वाकतो आणि रेघा दिसतात. ग्लिसरीन पाण्यात पूर्ण विरघळतं. ते वेगळं होऊन बाहेर येऊच शकत नाही. शिवाय आंबवताना यीस्ट स्वतःच थोडं ग्लिसरीन बनवतं, त्यामुळे ते जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये असतं.

गैरसमज: इंडिया पेल एल खास भारतात टिकावी म्हणून शोधून काढली.
वस्तुस्थिती: श्रेय दिलं जातं लंडनच्या हॉजसन या ब्रूअरला. पण पेल एल, म्हणजे फिकट रंगाची एल बिअर, आधीपासूनच बनत होती, आणि गडद पोर्टरही भारतात जहाजाने येऊन धडपणे पोचत होती. हॉजसनची ब्रूअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होती आणि तो जहाजाच्या कप्तानांना उधारीवर माल द्यायचा. त्याची चलती होती ती यामुळे. १८२०च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टनचे ब्रूअर या धंद्यात उतरले. ‘इंडिया पेल एल’ हे नावही नंतरचं.

गैरसमज: बिअरने मुतखडा पडतो.
वस्तुस्थिती: लघवी रोखून धरणाऱ्या संप्रेरकाला मद्यार्क दाबतो, म्हणून सारखं जावं लागतं, नंतर शरीरातलं पाणी कमी पडतं. पण खडा पडणार की नाही, हे त्याच्या आकारावर आणि जागेवर ठरतं. बिअरमधल्या प्युरिनमुळे युरिक अ‍ॅसिड वाढतं ते वेगळंच. डॉक्टर पाणी प्यायला सांगतात, तेच प्यावं. मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे.

गैरसमज: घोट घोट चाखल्याने काय होतंय?
वस्तुस्थिती: हिशेब मांडू. १०० मिलीलीटरचे सहा छोटे ग्लास, सरासरी सहा टक्के. म्हणजे पोटात ३६ मिलीलीटर शुद्ध मद्यार्क. पाच टक्क्यांच्या ३३० मिलीलीटर बाटलीत तो साडेसोळा असतो. म्हणजे नुसतं ‘चाखून’ दोन बाटल्यांच्या वर गेलात. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा आहे १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम मद्यार्क. अशा सहा ग्लासांनंतर बहुतेकजण ती ओलांडतात. तेव्हा आधी जेवून जा, दोन ग्लासांमध्ये पाणी प्या, हलक्या बिअरकडून कडक बिअरकडे जा आणि नाही आवडली तर खुशाल ओतून द्या. टेस्टिंगमध्ये त्यात कसलाही अपमान नाही. गाडी घरीच ठेवा. २०२३ पासून पर्पल लाइन मेट्रो महादेवपुऱ्यातून थेट व्हाइटफील्डपर्यंत जाते. शेवटची गाडी कितीची आहे तेवढं पहिल्या घोटाआधी बघून ठेवा.