पान्हा आणि धीर

बाळंतिणीच्या खोलीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास कानी पडते : ‘हिला दूध पुरत नाही.’ हे निदान करावयास वैद्य लागत नाही की तराजू लागत नाही. मूल रडले, एवढा पुरावा वडीलधाऱ्यांस पुरेसा होतो. मग पावडरचा डबा येतो, बाटली येते आणि पंधरा-वीस दिवसांत ते निदान खरे ठरते. वस्तुतः ते खरे करून दाखविले जाते.

यामागील शास्त्र दुर्बोध नाही. मातेचा स्तन हा भरून ठेवलेला हंडा नव्हे. तो झरा आहे. उपसा जितका, तितकी आवक. बाळ जितक्या वेळा ओढते तितक्या वेळा दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकास चालना मिळते. रात्री तर ती अधिकच मिळते. पान्हा सोडणारे ऑक्सिटोसिन मात्र हळवे आहे. भीती, वेदना व टोमणे यांनी ते अडते. वरच्या दुधाने पोट भरलेले मूल अंगावर ओढत नाही, दूध साचून राहते आणि साचलेले दूधच पुढील निर्मितीस खीळ घालते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा पिवळसर चीक चमचा-दोन चमच्यांचाच असतो. नवजाताच्या इवल्या जठरास तो पुरतो. तो पिळून टाकून मध किंवा गूळपाणी चाटविण्याची रूढी अनेक घरांत अद्याप टिकून आहे. मधामुळे तान्ह्या मुलास घातक विषबाधा होऊ शकते, हे आज निर्विवाद आहे. दूध पुरते की नाही याची साक्ष रडण्यात नसून लंगोटात आणि वजनात आहे. आठवड्याच्या मुलाचे दिवसातून सहा वा अधिक लंगोट भिजत असतील आणि जन्मानंतर किंचित घटलेले वजन दोन आठवड्यांत भरून निघाले असेल, तर चिंतेस कारण नाही.

दूध खरोखर कमी वाटल्यास प्रथम उपाय साधा आहे. दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. मुलाच्या तोंडात केवळ बोंडशी नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही जाईल असे धरावे. मूल ओढत नसल्यास दूध हाताने काढून उकळून स्वच्छ केलेल्या वाटी-चमच्याने पाजावे. आजीच्या काळचे बोंडलेही चालेल. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शतावरी यांवर आपल्याकडे मोठी श्रद्धा आहे. दूध वाढविण्याविषयी त्यांचा शास्त्रीय पुरावा तोकडा आहे. पोषक अन्न बाळंतिणीस हवेच. परंतु लाडू खाऊन मूल दूर निजविले, तर दूध वाढणार नाही.

तथापि काही मातांना प्रयत्नांची शर्थ करूनही दूध अपुरेच पडते. बाळंतपणातील अतिरक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, थायरॉइडची उणीव, स्तनावरील पूर्वीची शस्त्रक्रिया अशी त्याची कारणे असतात. अशा वेळी तत्त्वाच्या हट्टापायी मूल उपाशी ठेवणे हाही अपराधच होय. सुस्त पडलेले, लघवी कमी करणारे मूल तात्काळ डॉक्टरांस दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्याने वरचे दूध निःसंकोच द्यावे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. परक्या आईचे दूध निर्जंतुक करून अशक्त अर्भकांस देणारी ही व्यवस्था मोठ्या रुग्णालयांत सर्वत्र असावयास हवी.

१९९२ च्या केंद्रीय कायद्याने दूध-पावडरच्या जाहिरातीस, फुकट नमुन्यांस आणि डब्यावरील गुटगुटीत बाळाच्या चित्रास मनाई केली. २००३ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. पण ‘हिला दूध पुरत नाही’ ही घरातली फुकटची जाहिरात कोणता कायदा थांबविणार?

२०१७ साली नोकरदार स्त्रीची प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, हे स्वागतार्हच. बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या किंवा रोजंदारीवर राबणाऱ्या आईस त्या रजेचा उपयोग काय? तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचे आपण पोवाडे गातो, तिचे नाव शेजारच्या महाराष्ट्रात बसस्थानकांवरील स्तनपान कक्षांस दिले गेले आहे. प्रत्येक बाजारात आणि कचेरीत आडोशाची एक स्वच्छ खोली असणे ही काही चैन नव्हे.

आणि घरातील मंडळींनी एवढेच करावे : बाळंतिणीच्या हातातले काम काढून घ्यावे, तिला झोपू द्यावे आणि तिच्या दुधाचा हिशेब मांडणे थांबवावे. पान्हा फुटण्यास मूल लागते, तसाच धीरही लागतो. मूल तिच्यापाशी आहेच; धीर आपण द्यावयाचा आहे.