ट्रॉलीचे मागील दिवे : दोष कसा शोधावा

जुन्नर तालुक्यातील विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यातील भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे या भागातील रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या धावू लागतात. त्यांपैकी अनेकींना पुणे-नाशिक महामार्गावरूनही जावे लागते. भरलेली ट्रॉली संथ चालते. तिचे मागील दिवे बंद असतील, तर मागून वेगाने येणाऱ्या चालकास ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही आणि प्राणावर बेतते. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत वाहनाचे दिवे लावणे बंधनकारक आहे.

दिवा लागेना म्हणजे प्रथम बल्ब बदलण्याकडे कल असतो. परंतु दोष पुष्कळदा बल्बमध्ये नसून अर्थिंगमध्ये असतो. ट्रॅक्टरकडून प्रत्येक दिव्यास वीज नेणारी तार वेगळी असली, तरी विजेचा परतीचा मार्ग सर्वांना एकच असतो. ब्रेकचे दोन बल्ब प्रत्येकी 21 वॅटचे, इंडिकेटरचा एक 21 वॅटचा व मागील दोन प्रत्येकी 5 वॅटचे धरले, तर एकूण 73 वॅट होतात. म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे 6 अँपिअर प्रवाह या एकाच मार्गाने परततो. हा मार्ग केवळ जोडणीच्या खिळीवर सोपविल्यास गंज, रंग व ग्रीस यांमुळे तो खंडित होतो. मग सर्व दिवे मंद होतात, किंवा इंडिकेटर लावला असता भलताच दिवा लुकलुकतो. ही अर्थिंगच्या दोषाची खूण समजावी.

तपासणी क्रमाने करावी. इंजिन बंद करून हँडब्रेक लावावा व चाकांना दगड लावावेत. प्रथम ट्रॅक्टरचे स्वतःचे मागील दिवे पाहावेत. तेही बंद असल्यास फ्यूज व बॅटरीची टोके तपासावीत. ते ठीक असल्यास 12 व्होल्टच्या बल्बला दोन तारा जोडून टेस्ट लॅम्प करावा. त्याची एक तार ट्रॅक्टरच्या सॉकेटमधील अर्थच्या पिनेला धरून दुसरी इतर पिनांना एकेक लावावी व त्या त्या दिव्याचे बटण चालू करावे. टेस्ट लॅम्प लागला, तर दोष ट्रॉलीकडे आहे असे ठरते.

त्यानंतर ट्रॉलीच्या सांगाड्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक जाड तार तात्पुरती जोडावी. दिवे नीट लागले, तर अर्थिंगचा दोष निश्चित झाला. सांगाड्यावरील जागा पॉलिश कागदाने चकचकीत घासून तेथे अर्थची जाड तार बोल्टने घट्ट आवळावी आणि ती सॉकेटच्या अर्थ पिनेपर्यंत न्यावी. एवढ्याने भागले नाही, तर दांडीपाशी वळणावर घासलेली तार, प्लगमधील हिरवट गंज आणि शेवटी बल्ब पाहावा. दोन ट्रॉल्या असतील, तर मागच्या ट्रॉलीची तपासणी स्वतंत्रपणे करावी.

फ्यूज उडाल्यास त्याजागी तारेचा तुकडा किंवा चांदी कागद कधीही घालू नये. तसे केल्यास तार तापून पेट घेते, आणि वर तर वाळलेले पाचट असते.

फडातून निघण्यापूर्वी एकाने मागे उभे राहून सर्व दिवे पाहावेत. लोंबणारा ऊस दिव्यांवर आलेला नाही, याचीही खात्री करावी. या कामास पाच मिनिटे पुरतात.