विश्लेषण : पगार वाढला, तरी चाळिशीत कामाचा कंटाळा का येतो?

नोकरीला वीस वर्षे झाली, पगार बरा, हप्तेही सुरळीत. तरी सोमवारी ऑफिस नकोसे वाटते. असे का होते?

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये याचे अर्धे उत्तर दिले. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० इंजिनीअर आणि अकाउंटंट यांच्याशी बोलून त्यांनी मांडले, की पगार, सोयी, साहेबाचे वागणे यांनी नाराजी कमी होते; उत्साह मात्र जमलेल्या कामातून, कौतुकातून आणि जबाबदारीतून येतो. चाळिशीत नेमके हेच आटते. काम पाठ झालेले, वरची पदे मोजकी आणि जुन्या माणसाला शाबासकी द्यायची असते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

थोडा वाटा वयाचाही. २०१२ मध्ये ५०८ चिंपांझी व ओरांगउटान यांच्या अभ्यासातही मध्यमवयात समाधान घसरलेले दिसले. त्यांना तर अप्रेझलही नसते!

मग करायचे काय? एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये ‘जॉब क्राफ्टिंग’ची कल्पना मांडली. पद तेच, कामाची मांडणी आपण बदलायची. त्यांच्या उदाहरणातील रुग्णालयाचे काही सफाई कर्मचारी रुग्णांशी बोलणे हेही आपलेच काम मानत. ऑफिसात नव्या मुलांना शिकवणे मागून घेता येते. मात्र साहेबाने त्यासाठी वेळ मोकळा करून द्यायला हवा. टार्गेट तेच ठेवले, तर हे शिकवणे रात्री आठनंतरच होणार.