गाडी बिघडते ती वॉशिंग सेंटरवर

पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी पुण्याहून भोर, वेल्हे, मुळशीकडे निघालं की चिखलाने माखलेल्या एक्सपल्स आणि हिमालयन मोटरसायकली जागोजागी भेटतात. संध्याकाळी त्याच गाड्या वॉशिंग सेंटरच्या रांगेत उभ्या असतात. ऑफरोड गाडीची देखभाल म्हणजे प्रेशरने झकास धुलाई, असं बहुतेकांनी धरूनच टाकलेलं असतं. चिखल लवकर काढावा, याबद्दल वाद नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिन्समध्ये तो वाळून बसला तर इंजिन तापतं. पण चाकाच्या बेअरिंगचं सील उडणारं पाणी अडवण्यासाठी असतं, वीतभर अंतरावरून मारलेला फवारा अडवण्यासाठी नव्हे. पाणी आत शिरतं, ग्रीस खराब होतं, गंज धरतो. दोन-तीन महिन्यांनी चाक हलायला लागलं की खापर घाटातल्या खड्ड्यांवर फुटतं. हब, हँडलखालचं बेअरिंग, स्विंगआर्मचा सांधा, चेन आणि वायरिंगचे कपलर यांच्यापासून फवारा लांब ठेवावा. खरं तर साधा पाइप, ब्रश आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागतं. अधूनमधून चाक उचलून दोन्ही हातांनी आडवं हलवून पाहावं. किंचित जरी ‘खट’ जाणवलं तरी बेअरिंगचे दिवस भरले.

दुसरा समज चेनचा: ‘चेन टाइट असली की पिकअप चांगला.’ रस्त्यावरच्या गाडीत ही चूक थोडीफार खपून जाते, लांब सस्पेन्शनच्या गाडीत नाही. एक्सपल्स २०० चं मागचं चाक १७० मिलिमीटर वर-खाली होतं. गाडी मोकळी उभी असताना स्विंगआर्म मागे खाली झुकलेला असतो. वर माणूस बसला, खड्डा आला की तो वर उचलला जातो, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा सांधा व मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणली जाते. उभ्या गाडीवर नेटकी वाटणारी चेन त्या क्षणी तारेसारखी ताठ होते. मग गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर ओढ येते, सस्पेन्शनही पुरतं दबत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेली ढील डोळ्यांना जास्त वाटली तरी तीच ठेवावी. आधी चाक फिरवून चेनची सर्वांत घट्ट जागा शोधावी आणि माप तिथे घ्यावं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते.

चेन साफ करताना पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही नकोत. ओ-रिंगच्या चेनमध्ये ग्रीस आतच बंद असतं, आणि या दोन्हींनी त्या रबरी कड्यांचीच वाट लागते. रॉकेल चालतं, पण हल्ली ते सहज मिळत नाही. चेन क्लीनर घ्यावा. नंतर चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लावून वरचं पुसून टाकावं. ओथंबलेल्या चेनवर धूळच जास्त बसते. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यातली घाण चेनला खाते.

एअर फिल्टरवर हवा मारली की काम झालं, असं तर मेकॅनिकही सांगतात. ते फिल्टर कोणता यावर अवलंबून आहे. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत तेल मुरवलेला कागदी फिल्टर असतो. तो साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. कोरडा कागदी असेल तर हवा आतून बाहेर, तीही हळू. उलट मारली तर धूळ आणखी खोल रुतते. फोमचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, त्याला फिल्टरचं तेल चोळून मगच बसवावा. कोरडा फोम बारीक धूळ थेट सोडून देतो आणि ती पिस्टन-सिलिंडरला काचपेपरसारखी घासते. मॅन्युअलमधलं बदलायचं अंतर साध्या रस्त्यासाठी असतं. समोरच्या गाडीची धूळ खात कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्याने त्याच्या कितीतरी आधी फिल्टर उघडून पाहावा.

स्पोकच्या चाकाला काही करावं लागत नाही, हा समज निव्वळ आळसाचा. लहान पान्याने प्रत्येक स्पोकवर टिचकी मारावी. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, सैल झालेला बद्द. सैल स्पोक एकदम आवळू नये, नाहीतर रिंग आउट होते.

ऑइलच्या बाबतीत ‘मोटारीचं महागडं ऑइल म्हणजे भारी’ हे ऐकू नये. आपल्या बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू शकतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं.

टायरची हवा कमी केली की पकड वाढते, हे बरोबर आहे. मात्र ट्यूबच्या चाकात ती फारच उतरवली तर दगडावर ट्यूब रिंगमध्ये चिमटून पंक्चर होते. शिवाय डांबरी रस्त्यावर येताच हवा परत भरायला हवी.

ओढ्यात गाडी बंद पडली की स्टार्टर दाबत बसणं सर्वांत महागात पडतं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी, एअर फिल्टरचा डबा उघडावा. आत पाणी दिसलं तर प्लग काढून इंजिन फिरवावं, म्हणजे ते प्लगच्या भोकातून बाहेर पडेल. त्यानंतर ऑइल पाहावं. दुधाळ दिसलं तर काढून नवं भरावं, थोडं चालवून पुन्हा बदलावं, कारण आतलं सगळं पाणी एका खेपेत निघत नाही.