श्वानाच्या यकृतातील रक्तमार्ग

मध्यपटलाला लागून, बरगड्यांच्या आश्रयाने वसलेले कुत्र्याचे यकृत वरून पाहता खोल खाचांनी विभागलेला एक तांबूस पिंड एवढेच वाटते. परंतु रक्ताभिसरणाच्या दृष्टीने त्याच्याइतके विलक्षण इंद्रिय शरीरात क्वचितच सापडेल. यकृत-रोहिणी हृदयाकडचे रक्त आणते खरी, पण तो पुरवठा सुमारे एक चतुर्थांश. उरलेले सारे रक्त जठर, आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्याकडून पोर्टल शिरेवाटे येते. गावात येणाऱ्या प्रत्येक मालाची जशी जकात नाक्यावर तपासणी व्हावी, तशी पचनातून रक्तात उतरलेल्या द्रव्यांची येथे छाननी होते, आणि मगच ते रक्त यकृतशिरांतून पश्च महानीलेत सोडले जाते.

हे तिन्ही प्रवाह जिवंत प्राण्यात निरनिराळे पाहता येणे ही सी. टी. यंत्राची देणगी होय. अभियंते हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या मनुष्यरुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. आज श्वानवैद्यकातही त्याची वहिवाट पडली आहे. भूल दिलेल्या कुत्र्याला काही खोल श्वास देऊन त्याची छाती क्षणभर स्थिर केली जाते, आणि पुढच्या पायाच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव वेगाने सोडला जातो. काही सेकंदांत महारोहिणी आणि तिच्यापासून निघालेल्या यकृताच्या बारीक रोहिण्या उजळतात. अर्ध्या मिनिटाच्या सुमारास पोर्टल शीर भरते. त्यानंतर यकृतशिरा स्पष्ट होतात. मनुष्याच्या यकृतात पोर्टल शिरेची उजवी शाखा मोठी. कुत्र्यात ती उजव्या बाह्य खंडापुरती आणि पुच्छ-प्रवर्धापुरतीच राहते, आणि उजव्या मध्य खंडासह बाकीच्या यकृताचा भार डावीकडे जाणारे मोठे खोड वाहते. मानवी शरीररचनेचे पुस्तक पुढ्यात ठेवून हे चित्र वाचू जाणाऱ्याची फसगत ठरलेली.

या नकाशाचे खरे मोल कळते ते रक्त आडवाटेने जाते तेव्हा. १८७७ मध्ये निकोलाय एक या रशियन वैद्याने कुत्र्याची पोर्टल शीर महानीलेला जोडली. पुढे १८९३ मध्ये पाव्हलॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की अशा श्वानांना मांस खाल्ल्यावर झटके येतात आणि भ्रम होतो. निसर्गही कधी हाच घात करतो. गर्भावस्थेत नाळेचे रक्त यकृताला वळसा घालून नेणारी वाहिनी जन्मानंतर थोड्याच दिवसांत मिटावयाची असते. ती मिटली नाही, किंवा यकृताबाहेरच अशी आडवाट जन्मतः राहिली, तर पिल्लू खुरटते, जेवल्यावर सुस्तावते, भिंतीला डोके टेकून उभे राहते. ही वाट यकृताच्या आत असणे आयरिश वुल्फहाउंड, लॅब्रडॉर अशा थोराड जातींत अधिक. यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज अशा चिमुकल्यांत ती बहुधा बाहेर असते.

पूर्वी ही वाट हुडकावयाची म्हणजे पोट उघडून आतड्याच्या शिरेत द्रव भरावा लागे. आज सी. टी. चित्रावरून शस्त्रवैद्य पहिला छेद घेण्यापूर्वीच ती कोठून निघते, कोठे मिळते आणि किती रुंद आहे हे जाणतो. बाहेरची असेल, तर तिच्याभोवती केसीनचे कडे बसवतात. ते हळूहळू फुगते आणि वाट काही आठवड्यांत बंद होते. एकाएकी आवळली, तर पोर्टल शिरेतील दाब चढून आतड्यांत रक्त तुंबते. आतली असेल, तर मानेच्या शिरेतून नळी नेऊन, महानीलेत आधाराची जाळी बसवून, धातूच्या वेटोळ्यांनी तिचे मुख अरुंद करता येते. आणि जाळी केवढी हवी याचे माप त्याच चित्रावरून घेतले जाते.